परीक्षकाचेही परीक्षण : मोटारगाडीच्या संकल्पचित्र स्पर्धांतील एक धडा

कोणत्याही स्पर्धेत पहिले बक्षीस एकालाच मिळते. उरलेले स्पर्धक काय घेऊन परततात, याचा विचार मात्र स्पर्धा भरविणाऱ्यांकडून क्वचितच होतो. अमेरिकेतील लोकल मोटर्स या कंपनीने २०१४ साली एक आगळी स्पर्धा इंटरनेटवरून घेतली. साच्याऐवजी त्रिमितीय मुद्रणाने, म्हणजे थरावर थर चढवून, जी तयार करता येईल अशा मोटारगाडीचे संकल्पचित्र स्पर्धकांनी पाठवावयाचे होते. दोनशेहून अधिक प्रवेशिका आल्या. त्यांतून इटलीचे मिकेले आनोए यांचे संकल्पचित्र निवडले गेले आणि त्यावरून तयार झालेली ‘स्ट्राटी’ ही गाडी त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात शिकागो येथील यंत्रप्रदर्शनात प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत छापून, जुळवून चालविण्यात आली.

एका स्पर्धकाचे स्वप्न अशा रीतीने चाकांवर उभे राहिले. परंतु उरलेल्या दोनशेजणांनीही रात्री जागून रेषा ओढल्या होत्या, मापे जुळविली होती. अशा कोणत्याही स्पर्धेत मागे राहिलेल्यांच्या हाती पडण्यासारखी एकच वस्तू असते. ती म्हणजे त्यांच्या कामावर कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेला अभिप्राय. तो नेमका असेल तर हरलेला स्पर्धक पुढच्या वर्षी अधिक चांगले काम घेऊन येतो. तो मोघम असेल तर स्पर्धकाचे श्रम वाया जातात आणि स्पर्धेचा हेतूही अपुरा राहतो. म्हणूनच अभिप्राय कसा लिहावा आणि लिहिलेला अभिप्राय योग्य आहे की नाही हे कोणी पाहावे, हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे. मोटारगाड्यांच्या संकल्पचित्र स्पर्धांचा इतिहास या बाबतीत पुष्कळ काही शिकवितो.

स्पर्धांची वाटचाल

मोटारगाडीच्या बाह्यरूपाकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहण्यास विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रारंभ झाला. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२७ साली हार्ले अर्ल यांच्या नेतृत्वाखाली यासाठी वेगळा विभाग उघडला. गाडीचा नमुना प्रथम मातीत घडवून पाहण्याची रीत याच विभागामुळे रूढ झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३० साली, याच उद्योगसमूहाच्या फिशर बॉडी या शाखेने ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ या नावाने शाळकरी व महाविद्यालयीन वयाच्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. आरंभी मुलांनी नेपोलियनच्या काळातील राजेशाही बग्गीची प्रतिकृती करावयाची असे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटारगाडीचा, मूळ आकाराच्या एक बारांश एवढा, नमुना करण्याची मुभा मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खंड वगळता ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. विजेत्यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ साली राष्ट्रीय पातळीवर पहिले आलेले चार्ल्स जॉर्डन हे पुढे जनरल मोटर्सच्या संकल्पचित्र विभागाचे उपाध्यक्ष झाले. मुलींना मात्र या स्पर्धेत प्रवेश नव्हता, ही त्या काळाची मर्यादाही येथे नोंदविली पाहिजे.

त्या स्पर्धेत नमुना प्रत्यक्ष परीक्षकासमोर येई. त्याला तो हातात घेऊन पाहता येई, चाकाचा गोलावा तपासता येई, रंगाच्या थरावरून बोट फिरविता येई. पुढे इंटरनेट आले आणि परिस्थिती पालटली. स्पर्धेत भाग घेण्यासाठी कारखान्याच्या गावी राहण्याची गरज उरली नाही. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या संकल्पचित्र स्पर्धेत २००५ साली पोर्तुगालच्या आंद्रे कोस्टा यांची ‘मूव्ही’ ही छोटी गाडी निवडली गेली आणि तिचा पूर्णाकृती नमुना फ्रँकफुर्टच्या मोटारप्रदर्शनात मांडण्यात आला. २००७ साली स्थापन झालेल्या लोकल मोटर्स कंपनीने तर आपला सारा व्यवहारच अशा स्पर्धांवर उभारला. तिच्या ‘रॅली फायटर’ या गाडीचे बाह्यरूप सांगहो किम या तरुण संकल्पचित्रकाराचे होते आणि इतर अनेक सदस्यांनी त्या गाडीच्या वेगवेगळ्या भागांबाबत सूचना केल्या होत्या. ही कंपनी २०२२ च्या जानेवारीत बंद पडली. परंतु दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी एकमेकांच्या कामावर मत द्यावे व त्यातून वस्तू घडावी, ही तिची पद्धत अभ्यासाचा विषय बनून राहिली आहे.

या बदलाचा एक परिणाम सहज लक्षात येण्यासारखा नाही. पूर्वी परीक्षक मोजके व अनुभवी असत. आता शेकडो प्रवेशिका येतात आणि त्यांवर मत देणारेही शेकडो असतात. त्यांत कोणी विद्यार्थी असतो, कोणी निवृत्त अभियंता, तर कोणी निव्वळ हौशी. स्पर्धक आणि परीक्षक यांची भेट होत नाही. त्यांच्यामध्ये असतात ते केवळ लिहिलेले शब्द. समोरासमोर बोलताना आवाजाच्या चढउतारावरून, चेहऱ्यावरून जे कळते ते कागदावर येत नाही. त्यामुळे लेखी अभिप्रायावर पडणारा भार पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे.

संकल्पचित्रात काय पाहावयाचे

चांगला अभिप्राय लिहिण्यासाठी प्रथम काय पाहावयाचे हे ठाऊक असावे लागते. गाडीचे चित्र पाहिल्याबरोबर मनावर ठसा उमटतो तो रंगाचा व चकाकीचा. जाणकार परीक्षक मात्र रंगाकडे सर्वांत शेवटी वळतो.

पहिली बाब प्रयोजनाची. गाडी कोणासाठी आहे आणि कोणत्या रस्त्यावर धावणार आहे, हे स्पर्धकाने आपल्या निवेदनात सांगितलेले असते. पुढील सर्व गुणदोष त्या कसोटीवर पाहावयाचे असतात.

दुसरी बाब मापांची. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर, चाकांच्या पुढे व मागे येणारा भाग, गाडीचा पोटाखालचा भाग व जमीन यांमधील अंतर, छपराची उंची या चार-पाच मापांवरून गाडीची चाल, आतली जागा आणि खाचखळग्यांतून जाण्याची क्षमता यांचा अंदाज येतो. काही मापांमागे कायदा व करही उभा असतो. आपल्या देशात ठरावीक इंजिनक्षमतेची मोटार ४००० मिलिमीटर लांबीच्या आत असेल तर तिच्यावरील कर कमी असतो. अशा ठिकाणी चित्रातील बोटभर वाढलेली लांबी ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचते.

तिसरी बाब माणसांची. चालकाला समोरचे व बाजूचे किती दिसते, काचेच्या दोन्ही अंगांचे खांब दृष्टीच्या आड येतात काय, मागे बसणाऱ्याचे डोके छपराला लागते काय, वृद्ध माणसाला गाडीत शिरता येते काय, हे प्रश्न येथे येतात.

चौथी बाब वाऱ्याची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. वेगवान महामार्गावरील गाडीसाठी निमुळत्या पाठीचे महत्त्व म्हणूनच मोठे असते. सावकाश चालणाऱ्या गाडीला त्याचा लाभ अल्प मिळतो आणि त्यासाठी आतली जागा गमवावी लागते.

पाचवी बाब निर्मितीची. कागदावर कोणतेही वळण काढता येते. परंतु पत्रा साच्यात दाबून आकार देताना वळण फार खोल झाले तर पत्रा फाटतो. जे चित्र कारखान्यात उतरू शकत नाही त्याचे कौतुक करावे, पण ती अडचणही स्पर्धकाच्या नजरेस आणून द्यावी.

दोन अभिप्राय

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने खेड्यातून बाजारगावी जाणाऱ्या कुटुंबासाठी छोट्या चार आसनी मोटारीचे संकल्पचित्र पाठविले आहे. कच्च्या रस्त्यावरून ती जावी व तिच्या मागच्या भागात धान्याची पोती ठेवता यावीत, असा त्याचा हेतू आहे. गाडीची लांबी ३६०० मिलिमीटर आहे. नाक पुढे लांब व खाली झुकलेले आहे, छप्पर मागे झपाट्याने उतरते आणि मागचे दार जमिनीपासून ८५० मिलिमीटर उंचीवर सुरू होते. चित्र मात्र अतिशय देखणे आहे.

पहिला परीक्षक लिहितो : “चित्र फार सुंदर आहे. रंगसंगती आकर्षक वाटली. मागची बाजू मात्र तितकीशी आवडली नाही. आणखी मेहनत घेतल्यास स्पर्धकास उज्ज्वल भवितव्य आहे.”

दुसरा परीक्षक लिहितो : “ही गाडी कच्च्या रस्त्यासाठी आहे असे निवेदनात म्हटले आहे. पुढच्या चाकांपुढे येणारा भाग लांब व खाली असल्याने नाल्यातून वर चढताना तो जमिनीस घासेल. मागच्या दाराचा उंबरठा ८५० मिलिमीटर उंच आहे. भरलेले पोते तेथवर उचलणे एकट्या माणसास अवघड जाईल. छपराचा उतार वाऱ्यासाठी असल्यास या गाडीच्या वेगाला त्याचा उपयोग थोडा आणि मागे बसणाऱ्यांची अडचण मोठी. खिडक्यांची रेषा मात्र उत्तम साधली असून चालकास बाजूचे चांगले दिसेल; ती बदलू नये. माझ्या मते हा सगळा आकारच सोडून उभ्या धाटणीची जीप करावी.”

पहिला अभिप्राय वाचून स्पर्धकाला आनंद होईल, पण दुसऱ्या दिवशी पेन्सिल हातात घेतल्यावर कोणती रेषा बदलावी हे त्याला कळणार नाही. मागची बाजू आवडली नाही म्हणजे उतार आवडला नाही, की दिव्यांचा आकार, की दाराची उंची? दुसऱ्या अभिप्रायात प्रत्येक आक्षेपाबरोबर जागा दाखविलेली आहे आणि कारणही दिलेले आहे. काय राखून ठेवावे हेही त्यात सांगितले आहे. नवशिक्याच्या हातून सुधारणेच्या भरात चांगला भागच अनेकदा पुसला जातो, म्हणून हे सांगणे दोष दाखविण्याइतकेच मोलाचे ठरते.

तरीही दुसरा अभिप्राय निर्दोष नाही आणि येथेच आपण मूळ विषयाशी येतो.

अभिप्रायावरील अभिप्राय

समजा, या स्पर्धेच्या संयोजकांनी अभिप्राय स्पर्धकाकडे धाडण्यापूर्वी ते एका ज्येष्ठ परीक्षकाने वाचावेत अशी व्यवस्था केली आहे. पहिल्या परीक्षकाला तो असे लिहील : “आपल्या अभिप्रायात सद्भाव आहे. परंतु चारपैकी एकाही वाक्यात गाडीच्या प्रयोजनाचा उल्लेख नाही. ‘आवडली नाही’ या शब्दांऐवजी कोणता भाग, कोणत्या कारणाने, हे लिहावे. हाच मजकूर दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या चित्राखाली जसाच्या तसा चालेल काय, हे एकदा पडताळून पाहावे.”

दुसऱ्या परीक्षकाला तो लिहील : “आपण मापे पाहिलीत, कारणे दिलीत आणि जमेची बाजूही दाखविलीत. स्पर्धकास याचा निश्चित उपयोग होईल. शेवटचे वाक्य मात्र काढावे. जीप करावी ही आपली आवड झाली. स्पर्धकाची कल्पना लहान, बुटक्या कौटुंबिक गाडीची आहे आणि आपण दाखविलेले तिन्ही दोष ती कल्पना न सोडता दूर करता येतात. नाक आखूड करावे, दाराचा उंबरठा खाली आणावा, छप्पर मागे थोडे उचलावे, एवढे सुचविल्यास पुरे.”

या दोन टिपणांत परीक्षकाच्या कामाचे जवळजवळ सर्व शास्त्र सामावलेले आहे. अभिप्राय वस्तूच्या प्रयोजनाला धरून असावा. त्यात जागा, कारण व उपाय ही तिन्ही असावीत. आणि परीक्षकाने स्पर्धकाच्या कल्पनेच्या जागी स्वतःची कल्पना बसवू नये. पहिल्या दोन गोष्टी अभ्यासाने साधतात. तिसरीसाठी संयम लागतो, आणि जाणकार परीक्षकाकडूनच हा संयम अधिक वेळा सुटतो. कारण त्याच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःची गाडी उभी असते.

परीक्षकाची नजर कशी चुकते

परीक्षक हाही माणूसच असतो. त्याच्या नजरेतील दोषांचा शास्त्रीय अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेल्या गुणांची पाहणी केली. एखादा माणूस एका बाबतीत चांगला वाटला की त्याची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांनाही अधिकारी भराभर चांगले गुण देत असल्याचे त्यांना आढळले. एका गुणाची प्रभा इतरांवर पसरते. संकल्पचित्र स्पर्धेत ही प्रभा बहुधा चित्रकौशल्याची असते. ज्याचा हात चांगला त्याची गाडीही चांगली, असे परीक्षकाला नकळत वाटू लागते. साध्या रेषांत काढलेली पण विचारपूर्वक केलेली गाडी मागे पडते.

याखेरीज आणखी दोन प्रवृत्ती सर्वत्र आढळतात. काही परीक्षक सर्वांनाच उदार हस्ते गुण देतात आणि काही सर्वांनाच हात आखडून. कित्येकजण वाद नको म्हणून सर्वांना मधले गुण देऊन मोकळे होतात. आकड्यांत हे दोष लपून राहतात. लेखी अभिप्रायात ते उघडे पडतात; कारण ज्याने वस्तू नीट पाहिलेली नाही त्याला तिच्याविषयी चार नेमकी वाक्ये लिहिता येत नाहीत. अभिप्रायाची तपासणी करण्याचा हा एक मोठा लाभ आहे.

गुण की शब्द?

अभिप्रायाने नेहमी सुधारणाच होते, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शालेय विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला केवळ गुण दिले, दुसऱ्याला केवळ त्यांच्या कामाविषयी लेखी शेरे दिले आणि तिसऱ्याला गुण व शेरे दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरे मिळालेल्या गटात. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची स्थिती केवळ गुण मिळालेल्यांहून विशेष वेगळी राहिली नाही. समोर आकडा आला की मुलांचे लक्ष आपण कितवे आलो याकडे जाते आणि शेजारचे शब्द वाचले जात नाहीत, असा याचा अर्थ लावला जातो.

अव्राहम क्लुगर व अँजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. अभिप्रायामुळे सरासरीने कामगिरी सुधारते हे खरे. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती खालावली असे त्यांना दिसून आले. विशेषतः अभिप्राय कामावरून घसरून माणसावर गेला की त्याचा उपयोग कमी होतो. ‘हे दार उंच आहे’ हे वाक्य कामाविषयी आहे. ‘स्पर्धकास व्यावहारिक दृष्टी नाही’ हे वाक्य माणसाविषयी आहे. पहिले वाचून माणूस दार खाली आणतो. दुसरे वाचून तो स्वतःचे समर्थन करू लागतो किंवा स्पर्धेतूनच निघून जातो. पहिल्या परीक्षकाने लिहिलेले ‘उज्ज्वल भवितव्य’ हे शब्दही माणसाविषयीच आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. स्तुती असली तरी तिने दाराची उंची बदलत नाही.

परीक्षक घडविण्याच्या रीती

मग चांगले परीक्षक कोठून आणावयाचे? ते घडवावे लागतात, असेच अनुभव सांगतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात ‘कॅलिब्रेटेड पीअर रिव्ह्यू’ नावाची पद्धत विकसित झाली. तिच्यात विद्यार्थी एकमेकांचे निबंध तपासतात. परंतु तो अधिकार त्यांना लगेच मिळत नाही. प्रथम त्यांना तीन नमुना निबंध दिले जातात. त्यांतील एक चांगला, एक मध्यम व एक सदोष असतो आणि त्यांचे मूल्यमापन शिक्षकांनी आधीच करून ठेवलेले असते. विद्यार्थ्याचे मूल्यमापन त्याच्याशी ताडून पाहिले जाते. त्यानंतरच तो सहाध्यायांचे निबंध तपासतो आणि ज्याची पारख अधिक अचूक ठरली त्याच्या मताला अधिक वजन मिळते. शेवटी तो स्वतःचा निबंधही त्याच कसोट्यांवर तपासतो. दुसऱ्याचे काम नीट पाहावयास शिकलेला माणूस स्वतःच्या कामाकडेही त्याच नजरेने पाहू लागतो, हा या पद्धतीचा खरा लाभ होय.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या ‘फॉर्म्युला एसएई’ या मोटारस्पर्धेत दुसरी रीत आढळते. एकूण १००० गुणांपैकी १५० गुण संकल्पनासाठी राखून ठेवलेले आहेत. गाडी किती वेगाने धावली याचा विचार येथे नाही. तो इतर भागांत होतो. प्रत्येक निर्णय का घेतला, याचे लेखी विवरण विद्यार्थी आधी पाठवितात आणि मग गाडीजवळ उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देतात. परीक्षकालाही विवरण वाचून, त्यातील दाव्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारावे लागतात. आपल्या देशात २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झालेल्या ‘बाहा एसएईइंडिया’ या स्पर्धेने ही शिस्त भारतीय महाविद्यालयांत आणली. महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी तिच्यात उतरत आले आहेत.

तिसरी रीत तर आपल्या शिक्षकवर्गाला चांगलीच परिचित आहे. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत परीक्षकाने उत्तरपत्रिका तपासली म्हणजे काम संपत नाही. त्याची तपासणी बरोबर झाली की नाही हे नियामक पाहतो आणि त्याच्याही वर मुख्य नियामक असतो. या व्यवस्थेत परीक्षकावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. विद्यार्थ्याचे भवितव्य एका माणसाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू नये, एवढाच तिचा उद्देश आहे. आकड्यांच्या बाबतीत जी काळजी आपण इतकी वर्षे घेत आलो, तीच शब्दांच्या बाबतीत घेतली जात नाही, ही उणीव आहे.

आपले शेरे

मोटारगाड्यांच्या जागतिक स्पर्धेपासून आपल्या तालुक्यातील प्रदर्शनापर्यंतचे अंतर वाटते तेवढे लांब नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या शालेय विज्ञान प्रदर्शनास जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. आठवीतील एका मुलाने भाजीच्या हातगाडीला उतारावर लावता येईल असा ब्रेक करून आणला होता. त्याच्या वडिलांची हातगाडी होती आणि त्यांच्या वस्तीचा रस्ता चढाचा होता. अभिप्रायाची वही पुढे आली, तेव्हा लेखकाने तीत ‘स्तुत्य उपक्रम. अभिनंदन.’ असे लिहून सही केली. मुलाने ते वाचले आणि अदबीने विचारले, “साहेब, पुढच्या खेपेला यात काय बदलू?” लेखकापाशी उत्तर नव्हते, कारण ब्रेक कसा लागतो हे त्याने पाहिलेच नव्हते. वहीची मागची पाने चाळून पाहिली, तर इतर मान्यवरांचे शेरेही त्याच धाटणीचे होते. त्या मुलाला त्या दिवशी प्रशस्तिपत्र मिळाले. परंतु हातगाडी घेऊन तो पुन्हा उतारावर गेला तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही शब्दाचा त्याला उपयोग झाला नसणार.

शासकीय व सार्वजनिक कामात आपण सर्वजण सतत शेरे लिहीत असतो. शाळा तपासणीची टिपणे, अंगणवाडीच्या भेटीची नोंद, पाणीपुरवठ्याच्या कामावरील अभिप्राय, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावोगाव जाणाऱ्या तपासणी समित्यांचे मूल्यमापन, ही सर्व त्याचीच रूपे होत. ‘काम समाधानकारक’, ‘सुधारणा आवश्यक’, ‘लक्ष द्यावे’ हे शब्दप्रयोग इतके अंगवळणी पडले आहेत की ते वाचून कोणाचे समाधान होत नाही आणि कोणी लक्षही देत नाही. ज्या गावाला बक्षीस मिळाले नाही त्या गावाला आपण कोठे कमी पडलो हे कळावयास हवे. अन्यथा पुढच्या वर्षी ते गाव त्याच जागी उभे राहील, अथवा स्पर्धेत उतरणारच नाही.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. प्रदर्शन अथवा तपासणी सुरू होण्यापूर्वी सर्व परीक्षकांनी एकत्र बसून एकाच वस्तूवर स्वतंत्रपणे अभिप्राय लिहावा आणि तो एकमेकांस वाचून दाखवावा. या अर्ध्या तासाच्या बैठकीत कोण उदार, कोण कठोर आणि कोण मोघम हे सर्वांच्या ध्यानी येते. प्रत्येक अभिप्रायात निदान एक राखण्याजोगी गोष्ट, एक बदलण्याजोगी गोष्ट आणि तिचे कारण लिहिण्याचा दंडक ठेवावा. वहीतील काही शेरे दुसऱ्या जाणकाराने वाचून लिहिणाऱ्याला त्याविषयी सांगावे. मात्र हे सांगणेही कामाविषयी असावे, माणसाविषयी असू नये. शक्य असेल तेथे निकालाचा आकडा जाहीर होण्याआधी लेखी अभिप्राय स्पर्धकाच्या हाती द्यावा, म्हणजे तो वाचला जाईल. शाळांतील शिक्षकांना तर विद्यार्थ्यांकडूनच एकमेकांच्या प्रयोगांवर असे अभिप्राय लिहवून घेता येतील व ते कसे लिहिले यावर वर्गात चर्चा करता येईल.

ज्येष्ठांनी आपला शेरा दुसऱ्याकडून तपासून घेणे काहींना कमीपणाचे वाटेल. परंतु ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे श्रम तोलले जातात त्याने आपलाही शब्द तोलून घ्यावा, हे न्यायाला धरूनच आहे. चढाच्या रस्त्यावर हातगाडी ढकलणाऱ्या मुलाने विचारलेला प्रश्न रास्त होता. पुढच्या प्रदर्शनात त्याच्यासारखा एखादा मुलगा किंवा मुलगी तोच प्रश्न घेऊन उभी राहील. तिला द्यावयाचे उत्तर वहीत लिहिलेले असावे, एवढी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ झाले.